घरी २४ पानं, दुकानात २२: छापताना मराठी फॉन्ट नेमका कुठे बदलतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल तुम्ही घरच्या लॅपटॉपवर वर्डमध्ये तयार केला. घरी २४ पानं भरली, तक्ते जागच्या जागी, अनुक्रमणिका बरोबर. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून झेरॉक्सच्या दुकानात छापली तर २२ पानं झाली, अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकले आणि अक्षराचं वळणच वेगळं आलं. कायदेशीर सल्लागारांच्या नावाआधीच्या ‘अॅड.’मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. मागच्या वर्षीच्या अहवालातून उचललेल्या दोन परिच्छेदांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला. ठळक मथळे गिचमिड आले. दुकानदार म्हणतो फाइल खराब आहे, घरचे म्हणतात दुकानातला प्रिंटर खराब आहे.

दोघांचंही म्हणणं सोडून द्या. तुमच्या एकाच फाइलमध्ये चार वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, म्हणून एका सेटिंगने काहीच सुटत नाहीये. डीटीपी आणि छपाईपूर्व कामात वर्षानुवर्षं फाइली निस्तरताना माझं ठाम मत झालं आहे की ‘प्रिंटमध्ये फॉन्ट बदलला’ या तक्रारीत प्रिंटर बहुतेक वेळा निर्दोष असतो. अक्षर कागदावर जाण्याच्या बरंच आधी बदललेलं असतं, कागद हातात आल्यावर ते डोळ्यांत भरतं इतकंच. तेव्हा आधी अक्षर कोणत्या टप्प्यावर बदललं ते शोधायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा.

ते शोधायची सोपी पद्धत आहे. ज्या संगणकावर फाइल बरोबर दिसते, त्याच संगणकावर तिची पीडीएफ करा. ती पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडा, जिथे तुमचे फॉन्ट नाहीत अशा. फोनवर उघडली तरी अंदाज येतो. ४०० टक्क्यांपर्यंत मोठी करून मथळा, एक तक्ता आणि जोडाक्षरांनी भरलेला एखादा परिच्छेद बघा. पीडीएफमध्येच अक्षर बिघडलेलं असेल तर दोष फाइलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, प्रिंटरकडे बघायचंच नाही. पीडीएफ चोख असून कागदावर बिघाड येत असेल तर ड्रायव्हर (संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम) आणि प्रिंटर तपासायचे. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते. तुमच्या बाबतीत वर्डची फाइल दुकानात नुसती उघडल्याबरोबर पानं २२ दिसली असणार. म्हणजे छपाईचा हुकूम देण्याआधीच घोळ झालेला होता.

आता पानांचं. वर्डच्या फाइलमध्ये फॉन्ट नसतो, फॉन्टचं फक्त नाव असतं. फाइल ज्या संगणकावर उघडेल तिथे त्या नावाचा फॉन्ट असेल तर ठीक, नसेल तर वर्ड कुठलीही सूचना न देता दुसरा फॉन्ट लावून मोकळं होतं. इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर निदान हरवलेल्या फॉन्टच्या मजकुरावर गुलाबी पट्टा तरी ओढतं. तुम्ही फॉन्ट न निवडता सरळ मराठी टाइप करत गेलात, तर ऑफिसची नेहमीची थीम देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट धरते. विंडोज ७ पर्यंत मंगल प्रत्येक संगणकावर असायचा. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या ऐच्छिक गठ्ठ्यात गेले. जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलेला किंवा मराठी-हिंदी भाषा जोडलेला संगणक असेल तर तो गठ्ठा आपोआप येतो. दुकानातल्या कोऱ्या विंडोजवर मात्र असेलच असं नाही. मग मंगलच्या जागी ‘निर्मला’ येतो. मंगलच्या ओळीला वर-खाली जागा जास्त लागते, निर्मलाची ओळ त्यामानाने आटोपशीर. २४ ची २२ पानं झाली ती अशी. दुकानदाराने सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ उघडून तो गठ्ठा उतरवून घेतला असता, तर पाच मिनिटांत तुमची २४ पानं परत दिसली असती.

वर्डमध्ये कोणता फॉन्ट बदलला गेला हे बघायची सोय आहे, पण ती आत दडवलेली आहे. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ला जा, ‘शो डॉक्युमेंट कंटेंट’ या भागात ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ नावाचं बटण आहे. हरवलेला फॉन्ट कोणता आणि त्याच्या जागी काय लागलं, याची यादी तिथे मिळते. दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडल्यावर मी पहिल्यांदा तिथेच जातो.

वर्डची आणखी एक खोड मराठी लिहिणाऱ्यांना फार छळते. वर्ड प्रत्येक मजकुराला दोन फॉन्ट लावून ठेवतं, एक रोमन अक्षरांसाठी आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी. देवनागरी या दुसऱ्या कप्प्यात येते. त्यामुळे वरच्या पट्टीत ‘कॅलिब्री ११’ दिसत असतं आणि पडद्यावरची मराठी प्रत्यक्षात मंगलमध्ये असते, कधीकधी आकारही वेगळाच. कॅलिब्रीत देवनागरी अक्षरं नाहीतच. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची चौकट उघडली की दोन्ही कप्पे स्वतंत्र दिसतात, आकार आणि ठळकपणासकट. मात्र ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नसेल तर खालचा कप्पा दिसतच नाही आणि माणूस गोंधळतो. म्हणून आधी मराठी भाषा जोडा, मग सगळा मजकूर निवडून दोन्ही कप्प्यांत फॉन्ट स्वतःच्या हाताने लावा. थीमवर सोडून देऊ नका.

आकड्यांचीही अशीच गंमत आहे. विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगमध्ये ‘नेटिव्ह डिजिट्स’ची एक निवड असते. घरच्या संगणकावर ती ‘नॅशनल’ असेल तर इंग्रजी आकडे टाइप केलेले असूनही काही प्रोग्रॅममध्ये पडद्यावर देवनागरी दिसतात. दुकानात ती निवड नसते, आकडे मूळ रूपात येतात आणि ताळेबंदाच्या तक्त्यात निम्मे आकडे देवनागरी, निम्मे इंग्रजी. ज्यांना देवनागरी आकडे हवेत त्यांनी ते देवनागरीतच टाइप करावेत, विंडोजच्या मेहेरबानीवर विसंबू नये.

आता ते चिवडा झालेले दोन परिच्छेद. ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाहीत. मागच्या वर्षी ज्याने अहवाल टाइप केला त्याने कृतिदेवसारखा जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरला होता. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी देवनागरी छापायची म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, हाच मार्ग होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाची घरं वेगळी. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये असतो तो स्मॉल ई, जे, के, कॅपिटल बी आणि स्मॉल एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात. ई च्या घरात म, जे च्या घरात र, के च्या घरात काना, बी च्या घरात ठ, एच च्या घरात दुसरी वेलांटी. कृतिदेव बसवलेला असेल तोवर डोळ्यांना मराठी दिसते. तो नसला की खाली जे आहे तेच छापलं जातं. दुकानात झालं ते एवढंच.

अशा मजकुरात फॉन्ट हजर असूनही प्रिंट बिघडतं, आणि ते पकडायला अवघड जातं. वर्डला तो मजकूर इंग्रजीच वाटत असतो, त्यामुळे ते इंग्रजीचे नियम लावतं. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं. कृतिदेवमध्ये कॅपिटल ई म्हणजे अर्धा म, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीच्या ‘मराठी’चा म अर्धवट होतो. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतं आणि तिथलं अक्षर बदलतं. त्याहून वाईट म्हणजे १६० आणि १७३ या क्रमांकांची घरं. संगणकाच्या लेखी १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा आणि १७३ म्हणजे ओळ तिथे तुटली तरच दाखवायची जोडरेघ. ज्या फॉन्टने या घरांत अक्षराचा तुकडा ठेवला असेल, तो तुकडा एक सॉफ्टवेअर दाखवतं आणि दुसरं गिळतं. पडद्यावर शब्द पूर्ण, पीडीएफमध्ये किंवा कागदावर त्यातलं नेमकं एकच अक्षर गायब, आणि तेच अक्षर प्रत्येक पानावर गायब, असं दिसलं की हे कारण जवळजवळ नक्की समजा.

यावर डागडुजी करत बसू नका. ते परिच्छेद युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर शब्दन् शब्द वाचा. कन्व्हर्टर साधारण काम नीट करतात, पण ठरावीक जागी अडखळतात: रफार, पहिली वेलांटी असलेलं जोडाक्षर आणि ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र. हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्ता (खालचं टिंब) असलेल्या ऱ ला हलन्त देऊन. दुसरी, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. हे अदृश्य चिन्ह कन्व्हर्टरने किंवा पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरने वाटेत गाळलं की ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरांतल्या दऱ्यांचा समुद्र झाला तरी स्पेलचेक गप्प बसतं, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. पहिली पद्धत वापरा, ती वाटेत गळत नाही.

‘अॅड.’मधलं ठिपक्यांचं वर्तुळ याच जातीचं आहे. हा स्वर लिहिण्यासाठी युनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवत. दिसायला दोन्ही सारखंच. पण अ वर वेगळा चंद्र ठेवणं युनिकोडला मान्य नाही, आणि आजची अक्षरजुळणी करणारी काही इंजिनं अशा जोडीच्या मध्ये मुद्दाम ठिपक्यांचं वर्तुळ घालतात, चूक दिसावी म्हणून. हार्फबझ हे त्यांतलं सर्वांत पसरलेलं इंजिन. अँड्रॉइड, क्रोम आणि २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस त्यावरच चालतात. म्हणजे एका सॉफ्टवेअरमध्ये ‘अॅ’ सुरळीत दिसतो, दुसऱ्यात उघडून छापला की वर्तुळ येतं. ‘फाइंड ॲण्ड रिप्लेस’ने जुन्या जोडीच्या जागी ‘ॲ’ घाला, एका झटक्यात सगळी फाइल साफ होते. त्यानंतरही ॲ च्या जागी चौकट आली तर फॉन्ट जुना आहे, तो बदला.

रुपयाच्या चिन्हाचंही तपासा, कारण संस्थेच्या अहवालात ते पानोपानी असतं. ₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं, पण त्या मधल्या काळात ‘रुपी फोरेडियन’ नावाचा फॉन्ट खूप पसरला होता. त्यात कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या ` या चिन्हाच्या कळीवर रुपया बसवलेला होता. जुन्या तक्त्यातून रक्कम उचललीत आणि दुकानात तो फॉन्ट नसला, तर रुपयाच्या जागी नुसती एक तिरपी टिकली छापली जाते.

आता ठळक मथळ्यांकडे. काही फॉन्टांत ठळक अक्षराची वेगळी फाइल असते, काहींत नसते. नसेल आणि तुम्ही ‘बी’ दाबलंत, तर सॉफ्टवेअर साध्या अक्षरालाच बाहेरून जाड करतं. पडद्यावर ते खपून जातं. कागदावर ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात आणि मथळा डाग पडल्यासारखा दिसतो. मथळ्यासाठी असा फॉन्ट घ्या ज्यात खरोखरीचे जाड वर्ग आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मोफत मिळतो आणि त्यात हलक्यापासून अतिजाडपर्यंत सात वजनं आहेत. गूगलच्या नोटो फॉन्टमध्येही भरपूर आहेत. मजकुरासाठी थोडं पारंपरिक वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ बघा. त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत, मराठीचीच घ्या, म्हणजे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. काही फॉन्टांत मराठी ल-श आत असतात, पण मजकुराला भाषा म्हणून मराठी लावलेली असली तरच बाहेर येतात. हिंदी लागलेली असेल तर हिंदी वळण छापलं जातं. पडद्यावर एक ल आणि छापल्यावर दुसराच, याचं हे एक कारण.

पीडीएफ केली म्हणजे फॉन्ट आत गेलाच, असं धरून चालू नका. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून ‘फॉन्ट्स’ ही चौकट उघडा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ किंवा ‘एम्बेडेड’ असलं पाहिजे, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आत भरलेला आहे. तसं नसेल आणि खाली ‘ॲक्चुअल फॉन्ट’ म्हणून भलतंच नाव दिसत असेल, तर तुम्ही पडद्यावर बघताय तेच मुळी बदली अक्षर आहे. दुकानातला संगणक आणखी तिसरंच लावेल. फॉन्ट आत न जाण्याचं एक कारण परवान्यात असतं. फॉन्टच्या फाइलमध्येच त्याच्या निर्मात्याने एम्बेड करायला परवानगी दिली आहे की नाही याची नोंद असते, आणि सॉफ्टवेअर ती पाळतं. अशा वेळी वर्ड काय करतं? पीडीएफच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड’ अशी एक खूण आधीपासूनच केलेली असते. तिच्यामुळे तेवढ्या मजकुराचं चित्र बनतं. १०० टक्क्यांवर काही कळत नाही, छापल्यावर तेवढ्याच ओळींच्या कडा खरखरीत येतात. बाकी पान सुबक आणि मधला एक परिच्छेद फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारखा, असं दिसलं की ही खूण आठवा. उपाय म्हणजे दुसरा फॉन्ट.

पीडीएफमधून मराठी कॉपी केली की भलतंच काहीतरी चिकटतं, ही तक्रारही लोक याच्यातच मिसळतात. तिचा छपाईशी संबंध नाही. अक्षराचा आकार बरोबर असतो, त्यामागची युनिकोडची नोंद अपुरी असते. छापायला ती पीडीएफ बिनदिक्कत द्या.

समजा पीडीएफ निर्दोष आहे, सगळे फॉन्ट आत आहेत, तरी कागदावर बदल येतोय. मग ड्रायव्हर. इथे बारकाईने बघा काय बदललं आहे. मराठी जशीच्या तशी आणि फक्त इंग्रजी शब्द, आकडे किंचित वेगळे आले असतील, तर प्रिंटर स्वतःच्या पोटातले फॉन्ट वापरतोय. पोस्टस्क्रिप्ट (पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगायची एक भाषा) समजणाऱ्या प्रिंटरमध्ये हेल्व्हेटिका, टाइम्स असे काही फॉन्ट कायमचे भरलेले असतात आणि ड्रायव्हर वेळ वाचवायला एरियलच्या जागी हेल्व्हेटिका, टाइम्स न्यू रोमनच्या जागी टाइम्स लावू शकतो. देवनागरी सहसा प्रिंटरच्या पोटात नसतेच, म्हणून ती वाचते. प्रिंटरच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये ट्रूटाइप फॉन्टसाठी ‘सब्स्टिट्यूट विथ डिव्हाइस फॉन्ट’ असेल ते ‘डाउनलोड ॲज सॉफ्ट फॉन्ट’ करा. सगळ्या ड्रायव्हरांत ही निवड नसते. नसेल तर त्याच प्रिंटरचा दुसऱ्या भाषेतला ड्रायव्हर, म्हणजे पोस्टस्क्रिप्टऐवजी पीसीएल किंवा उलट, बसवून बघावा.

पहिली आठ-दहा पानं ठीक आणि पुढे मधेच अक्षरांची अदलाबदल, गायब मात्रा, चौकटी, असं होत असेल तर तो प्रिंटरच्या स्मरणशक्तीचा किंवा ड्रायव्हरचा गोंधळ असतो. प्रिंटर बंद करून सुरू करा, फाइल तुकड्यांत पाठवा. घाई असेल तर ॲक्रोबॅटच्या छपाईच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ आहे, ते लावा. मग फॉन्टचा प्रश्नच उरत नाही, अख्खं पान चित्र म्हणून जातं. वेळ लागतो आणि बारीक अक्षराची धार थोडी मरते, पण काम निभावतं. काही दुकानं प्रत्येक फाइलला सरसकट हेच लावतात. ते मला पटत नाही, ६०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ६०० ठिपके छापणारा, प्रिंटर असताना अक्षर मुद्दाम बोथट कशाला करायचं?

जाडी बदलली म्हणून फॉन्ट बदलला असं समजू नका. अक्षर तेच असतं, माध्यम वेगळं असतं. साध्या ९६ डीपीआयच्या पडद्यावर १० पॉइंटच्या अक्षराला उंचीत जेमतेम १३ ठिपके मिळतात. तेवढ्यात रफार, मात्रा, शिरोरेषा, मधलं अक्षर आणि खालचा उकार एवढं बसवायचं. पडद्यावरचा एक ठिपका पाऊण पॉइंट जाडीचा असतो, त्याहून बारीक रेघ त्याला दाखवता येत नाही, तो ती राखाडी करतो किंवा फुगवतो. ६०० डीपीआयच्या लेसर प्रिंटरला त्याच अक्षरासाठी ८३ ठिपके मिळतात, त्यामुळे बारीक रेघ खरोखर बारीक येते. घरी भरदार वाटलेलं अक्षर कागदावर हडकुळं दिसतं ते म्हणून. वर्तमानपत्री कागदावर उलट होतं, शाई पसरून अक्षर जाड होतं. पडद्यावर शिरोरेषेत अक्षरांच्या सांध्यावर केसभर फटी दिसतात, त्या बहुधा छापल्यावर नसतात, घाबरू नका. पण तुम्ही अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल किंवा ओळ दोन्हीकडून सारखी करताना सॉफ्टवेअरने ते ताणलं असेल, तर शिरोरेषा कागदावरही तुटेल. मराठीत अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवायचं, ताणायचं असेल ते शब्दांमधलं.

प्रिंट फिकट, ठिपकेदार आलं तर आधी टोनर वाचवण्याचा ‘इकोनोमोड’ बंद आहे ना ते बघा. आणि अक्षराचा रंग राखाडी नाही ना तेही. एकरंगी लेसरवर राखाडी रंग म्हणजे काळ्या ठिपक्यांची जाळी, तिच्यात ९-१० पॉइंटच्या मात्रा विरघळतात.

अहवालाच्या हजारभर प्रती ऑफसेटवर काढायच्या असतील तर दोन गोष्टी वेगळ्या. पहिली, काळा रंग. वर्डचा काळा हा पडद्याचा काळा असतो, प्रेसच्या चार शायांत रूपांतर होताना तो चारही प्लेटांवर विभागला जाऊ शकतो. एक प्लेट केसभर सरकली की शिरोरेषेला लाल-निळी सावली येते आणि लोक म्हणतात फॉन्ट फुटला. प्रेसवाल्याला ॲक्रोबॅट प्रोच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये काळी प्लेट बंद करून दाखवायला सांगा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. अंधूकसाही उरला तर तो चार रंगांत आहे.

दुसरी गोष्ट, ‘फाइल कर्व्ह करून द्या’ ही प्रेसची नेहमीची मागणी. कोरलड्रॉ या रेखाटन-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-क्यू दाबला की अक्षरांची रेखाकृती होते, मग फॉन्ट लागत नाही. मुखपृष्ठाला, पत्रिकेला हे उत्तम. २४ पानांच्या मजकुराला नको, कारण नंतर एक वेलांटीही सुधारता येत नाही. शिवाय देवनागरी फॉन्टांत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कर्व्ह केलेली अक्षरं ‘कम्बाइन’ केली की जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे पांढरं भोक पडतं. कर्व्ह केल्यावर मोठं करून शिरोरेषेचे सांधे बघा, भोकं दिसली तर ‘वेल्ड’ करा. आणि प्रेसमधला ऑपरेटर तुमचा युनिकोड मजकूर त्याच्या पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी श्रीलिपीत रूपांतरित करणार असेल, तर आधीचं प्रूफ वाचलेलं विसरा. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, त्यामुळे रूपांतर अटळ आहे आणि रूपांतरानंतरचं प्रूफ नव्याने वाचावं लागतं. जुन्या टाइप १ फॉन्टांवर काम करणाऱ्या प्रेसमध्ये आणखी एक अडचण भेटते. अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्या फॉन्टांचा आधार काढून घेतला, त्यामुळे इनडिझाइन अद्ययावत केल्यावर कालपर्यंत चालणारी फाइल अचानक गुलाबी दिसते.

तुमच्या अहवालापुरतं सांगायचं तर कामाचा क्रम असा धरा. जुने दोन परिच्छेद युनिकोडमध्ये आणा आणि वाचून काढा. ‘अॅ’ बदला, रुपयाची चिन्हं तपासा. सगळ्या मजकुराला दोन्ही कप्प्यांतून एकच फॉन्ट लावा, मथळ्यांना खरा ठळक वर्ग द्या. त्यानंतरच अनुक्रमणिका ताजी करा, आधी नको, कारण फॉन्ट बदलल्यावर पानं हलणारच. मग वर्डच्याच ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ करा, फॉन्टची यादी बघा, फोनवर उघडून एकदा चाळा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पानाचा स्क्रीनशॉट पाठवणारे महाभागही असतात.

दुकानदाराने वर्डचीच फाइल मागितली, तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’मध्ये ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ला खूण करा आणि त्याच्याखालची ‘डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टिम फॉन्ट्स’ची खूण काढा, नाहीतर नेमका हवा तोच फॉन्ट बाहेर राहू शकतो. फाइल जड होईल, होऊ द्या. आणि दुकानात पीडीएफ छापताना ‘फिट’ नव्हे, ‘ॲक्चुअल साइज’ निवडायला सांगा. ‘फिट’वर पान दोन-चार टक्के आक्रसू शकतं, अक्षर बारीक होतं आणि ‘फॉन्ट लहान आला’ म्हणून नवी तक्रार सुरू होते.